नवा खुबा, जुनं लंगडणं

ऑपरेशन चांगलं झालं असं मला सगळ्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं, नर्सबाईंनी सांगितलं, आणि एक्स-रे उलटा धरून आमच्या मोठ्या दिरांनीसुद्धा सांगितलं. मी मात्र उठून चालायला लागले की पहिल्यासारखीच लंगडत होते.

ज्यांचा खुबा बदलून झाला आहे, जखम भरली आहे, दुखणं थांबलं आहे आणि तरी चाल सरळ होत नाही म्हणून जे रडकुंडीला आले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ऑपरेशन करू की नको अशा विचारात असलेल्यांनीही वाचावं, पण त्यांना मी सल्ला देणार नाही. मला स्वतःला इतके सल्ले मिळाले की त्यातले निम्मे अजून पडवीत पडून असतील.

रोह्यापासून सात-आठ किलोमीटर आत आमचं गाव. घरची भातशेती आहे. मी बालवाडीत बावीस वर्षं मुलं सांभाळली, म्हणून चार ओळी लिहायची सवय. घरात आमचे हे, मुलगा नीलेश आणि सून मनाली. नीलेश धरमतरच्या बंदरात मालवाहू बार्जवर कामाला आहे, पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो. मनाली एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. पाय माझा गेला होता, पण त्यापायी पणाला लागलं ते तिचं काम. म्हणून तिचं नाव आधीच सांगून ठेवते.

गुडघ्याला तेल

माझं दुखणं गुडघ्यात सुरू झालं. निदान मला तरी तसं वाटत होतं. उजवा गुडघा, आतल्या बाजूने. उठताना कळ यायची, चालायला लागलं की जरा मोकळं व्हायचं आणि संध्याकाळी पुन्हा ठणकायचं.

चार वर्षं मी त्या गुडघ्याची सेवा केली. करंजेल तेल लावलं, निरगुडीच्या पाल्याने शेकलं, मेडिकलमधून पट्टा आणून बांधला. हे शेतावरून आले की हातपाय धुऊन माझा गुडघा चोळायला बसायचे. रोह्यात गुडघ्याचा एक्स-रे काढला तर त्यात काहीच नाही. मग सगळ्यांनी ठरवलं की वयाचं आहे. मला तेव्हा पंचावन्न पुरी झाली नव्हती.

पहिल्याच वर्षी मी भाताच्या लावणीला उतरायचं सोडलं. पाय चिखलात रुतला की उपसताना जीव जाईल, अशी भीती वाटली. त्याआधी चाळीस वर्षांत माझी एकही लावणी चुकली नव्हती. त्या वर्षी बायका खाचरात आणि मी बांधावर भाकऱ्यांची टोपली घेऊन बसलेली. बसल्या बसल्या मी सगळ्यांच्या कामाच्या चुका काढत होते, म्हणून जावेने मला घरी पाठवलं.

हळूहळू चाल बिघडली. उजव्या पायावर भार नको म्हणून मी पाऊल टाकलं की अंग उजवीकडे झोकून द्यायची आणि पटकन डावा पाय उचलायची. असं चाललं की दुखत नसे. दुखत नाही ना, मग बरं, असं म्हणत मी तशीच चालत राहिले. बालवाडीतली पोरं माझ्यामागून तशीच चालून दाखवायची. मी त्यांना रागावत नव्हते, कारण बिचारी फार हुबेहूब चालायची.

पेणचे डॉक्टर

शेवटी मनालीनेच मला पेणला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिने सुट्टी घेतली, एसटीत मला खिडकीजवळ बसवलं आणि नागोठणं येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ती फार काळजीत असली की बोलत नाही, हे मला तोवर कळलं होतं.

डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवलं, गुडघा वाकवला आणि पाय आतल्या बाजूला वळवला. मी ओरडले. त्यांनी पाय खाली ठेवला आणि खुब्याचा फोटो काढून आणायला सांगितलं. फोटो दिव्यासमोर लावल्यावर मलासुद्धा दिसलं. डावीकडे हाडाचा गोळा गोल होता. उजवीकडे तो चेपलेला होता आणि त्याची कड कुरतडल्यासारखी झाली होती.

"गुडघा छान आहे तुमचा," डॉक्टर म्हणाले. "खुबा गेलाय. दुखणं खुब्याचं आहे, जाणवतं गुडघ्यात. बऱ्याच जणांची अशी फसगत होते."

मला आधी हसू आलं. चार वर्षं तेल पाजलेला तो गुडघा म्हणजे माझ्या अंगातला सगळ्यात धडधाकट अवयव निघाला होता. मग खुबा बदलावा लागेल म्हणाले, आणि हसू गेलं. परतताना एसटीत मी रडले. मनालीने एक्स-रेचं पाकीट मांडीवर दोन्ही हातांनी आडवं धरलं होतं, खड्ड्यांत ते दुमडू नये म्हणून. दुसऱ्या कशाने मला धीर द्यावा हे तिला सुचत नव्हतं.

घरी बैठक बसली. मोठे दीर म्हणाले, "कशाला गो या वयात चिरफाड? काठी घे नि बस ओटीवर. पोरं हायत की करायला." हे काहीच बोलले नाहीत. ज्याने चार वर्षं चुकीच्या जागी तेल चोळलं त्याला बोलायला तोंड राहिलं नव्हतं, असं मला ते नंतर म्हणाले. ऑपरेशन करायचं हे मीच ठरवलं, आणि मनाली म्हणाली की ती रजा काढेल. एवढ्यावर बैठक उठली.

सहा दिवस

भात झोडून झाल्यावर, मार्गशीर्षात मी पेणच्या हॉस्पिटलात दाखल झाले.

कंबरेत सुई दिली होती. खालचं अंग बधिर, वरचं जागं. पडद्यापलीकडून ठोकाठोकीचे आवाज येत होते. आपल्या घरी सुतार लागलाय आणि आपण आत पडून ऐकतोय, तसं वाटलं. दुखत काहीच नव्हतं, पण मी फार घाबरले होते. डोक्याशी उभ्या असलेल्या नर्सबाईने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि ठोकणं थांबेपर्यंत उचलला नाही. तिचं नाव मी विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं केलं. पहिलं पाऊल टाकताना मला वाटलं, आता तो नवा गोळा निसटणार. निसटला नाही. मग रोजचा क्रम लागला. सकाळी चहा, मग अंग पुसणं, ड्रेसिंग, सुई, वॉकरवर खिडकीपर्यंत आणि परत. झोपताना दोन्ही पायांच्या मधे उशी. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, वाकून काही उचलायचं नाही. आम्हा बायकांचा सगळा संसार जमिनीवर, आणि डॉक्टर म्हणतात जमिनीचं नाव काढू नका.

शेजारच्या खाटेवर हमरापूरची एक बाई होती. तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. घरी गणपतींचं रंगकाम. ती दिवसभर माझ्या खुब्याच्या नव्हे, माझ्या तोंडाच्या मागे लागायची. बोला, म्हणायची, गप राहिलात तर जास्त दुखेल. माझं सगळं माहेर, सासर, बालवाडी तिने सहा दिवसांत काढून घेतलं. घरी सोडलं त्या दिवशी तिने स्वतःच्या डब्यातला नाचणीचा लाडू मला दिला. एवढ्या दुखण्यात कुणीतरी आपलं ऐकतंय, हे मला औषधापेक्षा लागू पडलं.

घरी

घरी आल्यावर कळलं की हॉस्पिटल सोपं होतं. तिथे सगळेच आजारी. घरी मी एकटी आजारी आणि बाकीचे कामात.

नीलेशने भोकाची खुर्ची आणून संडासात ठेवली. मनाली मला स्टुलावर बसवून आंघोळ घालायची. पहिले आठ दिवस मी डोळे मिटून घ्यायचे. तिलाही अवघड होत असणार, पण ती पाणी घालताना मुद्दाम कंपनीतल्या गोष्टी सांगायची, कुठली बाई सुपरवायझरला काय बोलली, कुणी डब्यात काय आणलं. त्या गोष्टींवरून मला कळायचं की तिला तिथे जायचंय. तिच्या माहेरी तिला दहावीनंतर शिकू दिलं नव्हतं. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून निघणारी आमच्या आळीतली ती पहिली सून. आणि ती सकाळी सात वाजता माझ्या पाठीवर तांब्याने पाणी ओतत होती.

भांडणंही झाली. नाही झाली म्हणणारे खोटं बोलतात. मी एकदा तिला म्हणाले की भाजीत मीठ नाही, आणि ती म्हणाली की तुम्हीच उठून घाला. मग दोघीही दिवसभर गप्प. संध्याकाळी तिने मिठाची बरणी माझ्या हाताशी आणून ठेवली.

एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. आपण आपल्या पायाच्या बोटांपर्यंत पोचत नाही. नखं वाढली. मनालीला सांगायची लाज वाटली, सुनेने किती करायचं. एका दुपारी हे ब्लेड घेऊन आले, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि एकेक नख कापलं. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या पायाला असा हात लावला नव्हता. "हालू नको गो, कापल," एवढंच म्हणाले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. मग ते नखं गोळा करून उकिरड्यावर टाकायला गेले.

पाय लांब झाला

दीड महिन्याने वॉकर सुटला आणि काठी आली. मला वाटलं होतं, काठी हातात आली की मी सरळ चालू लागेन. चालले तर अंग उजवीकडे झुकलेलं, डावा पाय घाईने उचललेला. हुबेहूब जुनी मी. शिवाय उजवा पाय लांब झाल्यासारखा वाटत होता. डॉक्टरांनी माप चुकवलं, अशी माझी खात्री झाली. पेणला तपासणीला गेले तेव्हा मी त्यांना तोंडावर तसं सांगितलं.

त्यांना राग आला नाही. त्यांनी टेप काढली, दोन्ही पाय माझ्यासमोर मोजले आणि टेप माझ्या हातात दिली. पाय सारखे होते. आधी उजवा आखूड झाला होता, आता बरोबर झाला, आणि मला चार वर्षांची वाकड्याची सवय. स्नायूही अशक्त झाले आहेत म्हणाले. रोह्यात फिजिओथेरपीच्या मॅडम आहेत, त्यांच्याकडे जा, चाल आता त्यांच्या हातात आहे.

मॅडम पेणच्याच, वयाने मनालीएवढ्या. त्यांच्या खोलीत दोन लांब दांड्या होत्या, धरून चालायला, आणि समोर पुरुषभर उंचीचा आरसा. मी दांड्या धरून आरशाकडे चालत निघाले आणि तिसऱ्या पावलाला थांबले. आपण कसं चालतो हे माणसाला माहीत नसतं. समोरून एक थकलेली, कलंडणारी बाई माझ्याकडे येत होती आणि ती मी होते. मला तिची कीव आली नाही, राग आला. दुखणं गेलं होतं तरी ती बाई कलंडत होती.

आठवड्यातून तीनदा मनाली मला रिक्षाने नेऊ लागली. पाय बाजूला उचला, एका पायावर उभ्या राहा, पायरी चढा. ताकद येत गेली. मॅडम म्हणायच्या, सावकाश चला, मनात मोजा, भार सारखा टाका. मी मोजायची, टाकायची, आणि लक्ष जरा ढळलं की पुन्हा तेच. वाकडं चालून मणका आणि दुसरा खुबा जाईल, अशी ताकीद त्यांनी दिली होती. आणि रोज संध्याकाळी कुणीतरी पडवीत येऊन विचारायचं, काय हो, ऑपरेशन करून पण अजून तशाच?

पाडव्यापर्यंत

मग मी पडले.

मनालीच्या कंपनीतून निरोप आला होता की येऊन भेट. ती तासाभरासाठी गेली. हे शेतावर. मला वाटलं, हीच संधी, काठीशिवाय चालून बघू. स्वयंपाकघरातून निघाले आणि उंबऱ्यावर कलंडले, ते सरळ ओटीवर. काही मोडलं नाही. पण उठता येईना, कारण जमिनीवरून कसं उठायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी तशीच पडून राहिले आणि वर कौलं मोजत बसले.

मनाली आली तेव्हा मी खालीच होते. तिने मला खुर्चीच्या आधाराने उठवलं, अंग चाचपलं, पाणी दिलं. मग सांगितलं की सुपरवायझर म्हणाले, पाडव्यानंतर जागा दुसऱ्या बाईला द्यावी लागेल, तोवर काय ते कळव. पाडवा सहा आठवड्यांवर होता.

"मी नाय सांगून येते उद्या," ती म्हणाली. "तुम्हाला असं टाकून मी नाय जाणार आई. आज नशिबानं वाचलात."

मी म्हणाले की नाही सांगू नकोस, पाडव्यापर्यंत मी सरळ चालेन. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि माझाही नव्हता. सरळ चालणं आता माझ्या एकटीचं राहिलं नव्हतं. मी लंगडत राहिले तर ती घरात राहणार होती, आणि आयुष्यभर मला एका शब्दाने बोलणार नव्हती. बोलली असती तर बरं, असं मला वाटलं.

मागे या

दोन आठवडे तसेच गेले. एका सकाळी मॅडमनी मला आरशापर्यंत चालवलं आणि म्हणाल्या, वळू नका, दांड्या धरून तशाच मागे मागे या. मागचे स्नायू बळकट व्हायला.

मी मागे पाऊल टाकलं आणि आपोआप कमरेत वाकले. मॅडम ओरडल्या की वाकू नका, ताठ राहा. मी ताठ झाले आणि मागे चालत आले. त्या पुन्हा पुढे जा म्हणाल्या, पुन्हा मागे या. तीनदा असं झालं. मग त्यांनी बाकावर बसलेल्या मनालीला बोलावून मोबाईलवर चित्रण घ्यायला सांगितलं.

"तुम्ही मागे चालताना अजिबात लंगडत नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, समजूत काढताहेत. पण मोबाईलमध्ये दिसत होतं. पुढे जाताना कलंडणारी ती बाई मागे येताना सरळ होती. पावलं सारखी, अंग स्थिर. मॅडम म्हणाल्या की माणसं मागे चालताना चाचपडतात, घाबरतात, तुम्ही इतक्या सहज कशा चालता, आणि वाकलात का?

मनालीला हसू फुटलं. "मॅडम, लावणीला मागंच जातात. आमच्या आईंनी चाळीस वर्षं लावणी केलीय."

मॅडमचं सगळं बालपण भातखाचरांच्या शेजारी गेलेलं, पण बांधावरून खाली त्या कधी उतरल्या नव्हत्या. आम्ही दोघींनी त्यांना समजावून सांगितलं. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने चार-चार काड्या चिखलात खोवायच्या आणि मागे सरकायचं. पुढे गेलं तर आपण लावलेलं आपणच तुडवू. मागे बघायचं नाही, पायाने चाचपायचं. चिखल दोन्ही पायांना सारखाच ओढतो, म्हणून भार दोन्हीकडे सारखा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आषाढभर.

मॅडमनी विचारलं की दुखायला लागल्यावर किती वर्षं लावणी केली. एकही नाही, मी सांगितलं, पहिल्याच वर्षी सोडली. तेव्हा त्या म्हणाल्या की म्हणूनच. दुखणं टाळायला तुम्ही लंगडायला शिकलात ते पुढे चालताना. मागे चालताना तुम्हाला कधी दुखलंच नाही, त्यामुळे ती चाल तशीच राहिली. आता तिथूनच सुरुवात करायची.

त्या दिवशी मला फार बरं वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा मला कुणी सांगितलं होतं की तुझ्यात काहीतरी चांगलं शिल्लक आहे. मी लगेच विचारलं, मग मला परत लावणी करता येईल? मॅडमनी मान हलवली. एवढं वाकणं नाही, चिखल तर नाहीच. मला हे पेणलाच सांगितलं होतं, पण त्या दिवशी ते पहिल्यांदा आत उतरलं. ज्या कामाने माझी चाल राखून ठेवली ते काम मला पुन्हा करता येणार नव्हतं. रिक्षात मी मनालीचा हात धरून बसले होते.

खळ्यात

मॅडमनी क्रम लावून दिला. दहा पावलं मागे, थांबायचं, आणि तीच चाल मनात धरून पुढे. घरी मागे कुणीतरी उभं पाहिजेच, अशी अट.

ते काम यांच्याकडे आलं. रोज संध्याकाळी उन्हं उतरली की मी खळ्यात उलटी चालायची आणि हे माझ्या मागे हात पसरून, "येऊ दे, येऊ दे, जरा डावीकडे," असं ट्रक मागे घ्यावा तसं मला मागे घ्यायचे. पहिले तीन दिवस त्यांना त्यात मौज वाटली. नंतर ते कंटाळले, पण एकही संध्याकाळ चुकवली नाही.

गावात चर्चा सुरू झाली. उलटी चालते म्हणजे काय, शेजारच्या यमुनाकाकूंना वेगळीच शंका आली. ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात काय काय फिरत असतं, बाहेरचं काहीतरी घेऊन आली असणार. त्या मीठ-मिरच्या घेऊन आल्या, मला ओट्याच्या कडेला उभं केलं आणि दृष्ट काढली. मी काढू दिली. एवढ्या लोकांनी एवढे उपाय केले, त्यात हा एक. मिरच्यांचा ठसका आला तेव्हा त्यांची खात्री पटली की काही नाही.

पुढची चाल सोपी आली नाही. पहिल्या आठवड्यात तीन पावलं सरळ जायची आणि चौथ्याला मी कलंडायची. मग सात. मग पंधरा. मधेच एक दिवस एकसुद्धा नाही, आणि मी काठी फेकली. यांनी ती उचलून आणून दिली. कधी कधी वाटायचं, राहू दे, लंगडते तर लंगडते, कोणाचं काय जातं. पण कोणाचं जातं ते मला माहीत होतं. पाडव्याच्या दिवशी गुढीसमोर मी काठीशिवाय साठ पावलं चालले. मनालीने मोजली. मग ती आत गेली आणि कंपनीत फोन केला.

फाट्यावर

पहिली पाळी सातची. कंपनीची बस साडेसहाला आमच्या फाट्यावर येते. पाडव्यानंतरच्या सोमवारी मी तिच्याबरोबर फाट्यापर्यंत गेले, काठी घेऊन, तिचा दंड धरून. फाट्यावर तिने काठी मागितली.

"आई, आता तुम्ही एकट्या घरी जा. मी खिडकीतून बघणार हाय," ती म्हणाली. "लंगडलात तर मी उतरणार. मग मला जा म्हणायचं नाय."

ती थट्टा करत नव्हती. काठी तिने तिथल्या दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवली, हे नंतर येऊन नेतील म्हणून. बस आली. मागून येणाऱ्यांसाठी ती फाट्यावर दोन-तीन मिनिटं थांबते. मनाली चढली आणि आमच्या वाटेच्या बाजूच्या खिडकीत बसली.

फाट्यापासून वाट सरळ चिंचेपर्यंत जाते आणि तिथे वळून गावात शिरते. बस रस्त्याने निघून गेली तरी चिंचेपर्यंतची वाट तिच्या खिडकीतून बराच वेळ दिसत राहते. ती दीडशे पावलं आहेत. मी त्याआधी साठच्या पुढे गेले नव्हते.

मी चालायला लागले. मागे बघायचं नाही हे मला ठाऊक होतं. साठपर्यंत ठीक. ऐंशीला मांडी थरथरायला लागली. शंभरला बस सुरू झाल्याचा आवाज आला. ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि मला वाटलं, ती उतरली. मान वळवली असती तर तोल गेला असता. मी मनात रोपं लावत होते, चार काड्या उजवीकडे, चार डावीकडे, आणि पुढे जात होते. बसचा आवाज बाजूने लांब जात राहिला. एकशे चाळीस, एकशे पन्नास. चिंच आली. मी वळणाच्या आड गेले आणि खोडाला धरून उभी राहिले. बस थांबल्याचा आवाज काही आला नाही.

आता या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. मी सरळ चालते. बाजारात जाते, पायऱ्या चढते, एसटीत उभी राहते. फार दमले की अजून उजवीकडे झुकते, मग थांबते आणि पुन्हा निघते. ज्यांना तीन महिन्यांत जमलं नाही त्यांनी हे लक्षात ठेवावं.

चिंचेपासून घरापर्यंतची उरलेली वाट त्या दिवशी मी कुंपणं धरून, पूर्ण लंगडत आले. यांनी पडवीतून पाहिलं आणि आत जाऊन चहा ठेवला. मनालीला आम्ही दोघांनी हे आजवर सांगितलेलं नाही. आता हे वाचून तिला कळेल. कळू दे, गेल्या महिन्यात ती कंपनीत पक्की झाली, आता बसमधून उतरायची नाही.